गृहकर्ज लवकर फेडणं हा वेडेपणा नाही

दिवाळीचा बोनस जवळ आला की आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर हमखास फिरतो. 'गृहकर्ज लवकर फेडू नका. ते सगळ्यात स्वस्त कर्ज आहे, वर करसवलत मिळते. हातातले पैसे म्युच्युअल फंडात टाका, 12 टक्के मिळतील. महागाईमुळे हप्ता आपोआप हलका होत जातो.' यंदा तो वाचून धाकट्या दिरांनी मला फोन केला. वर्षभर साठवलेले एक लाख कर्जात भरायचे त्यांनी ठरवलं होतं, आणि आता पाय अडखळला होता. "वहिनी, खरंच चूक करतोय का मी?"

त्यांचं कर्ज 30 लाखांचं, साडेआठ टक्क्यांचं, 20 वर्षांचं. आम्ही कागद घेऊन बसलो.

आधी 'स्वस्त'. दर कमी असतो हे खरं. पण रक्कम मोठी आणि मुदत लांब असली की कमी दरही खूप पैसे खातो. त्यांचा हप्ता साधारण 26,035 रुपये. पहिल्या महिन्यात त्यातले 21,250 व्याजात गेले, मुद्दल फिटलं 4,785. वीस वर्षांत बँकेला साडेबासष्ट लाख जाणार, म्हणजे घेतले त्याच्या दुपटीहून जास्त. आता गंमत नाही, नीट हिशेब बघा: पहिलं वर्ष संपताना एक लाख मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे 18 हप्ते उरतच नाहीत. म्हणजे जवळपास 4 लाख 70 हजार. हाच एक लाख पंधराव्या वर्षी भरला तर एवढा फरक पडत नाही, म्हणून सुरुवातीची वर्षं मोलाची.

करसवलतीबद्दल तो मजकूर जुना झालाय. राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत मिळते, नव्या प्रणालीत नाही. आणि 2023-24 पासून आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. दीर नवीतच आहेत, त्यांना शून्य सवलत. जुनीत असते आणि 20 टक्क्यांच्या टप्प्यात असते, तरी पहिल्या वर्षी अडीच लाख व्याज भरून, उपकर धरून, वाचले असते 41,600.

खरा वाद 12 टक्क्यांचा. एक लाख 19 वर्षं दर वर्षी 12 टक्क्यांनी वाढले तर साडेआठ लाखांच्या वर जातात, हे मी नाकारत नाही. ज्याची नोकरी पक्की आहे आणि बाजार पडला तरी जो हात लावणार नाही, त्याने जरूर तो मार्ग धरावा. पण कर्जात भरलेल्या पैशावर साडेआठ टक्के नक्की वाचतात, त्यावर करही नाही. फंडातले 12 टक्के कुणी लिहून देत नाही. जानेवारी 2020 मध्ये शेअर बाजाराचा निर्देशांक सेन्सेक्स 42 हजारांवर होता, मार्चमध्ये 26 हजारांच्याही खाली आला. त्याच आठवड्यांत कितीतरी घरांत पगार कापले गेले. बाजार आणि नोकरी एकाच वेळी साथ सोडतात, तेव्हा पडलेल्या भावाने फंड विकावा लागतो. हप्ते पुढे ढकलायची मुभा तेव्हा मिळाली, पण व्याज चालूच राहिलं.

महागाईने हप्ता हलका होतो, पण पगार वाढत राहिला तरच. शिवाय आपल्याकडची बहुतेक गृहकर्जं बदलत्या दराची. रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, मे 2022 च्या सुरुवातीला 4 टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहावर गेला. 2021 मध्ये 6.8 टक्क्यांनी 30 लाख घेणाऱ्याचा हप्ता होता सुमारे 22,900. दर 9.3 झाला की तेवढ्या मुद्दलाचं नुसतं महिन्याचं व्याज 23,250, जुन्या हप्त्याहूनही जास्त. आमच्याही बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, आणि आम्हाला ते वर्षभराने विवरण काढल्यावर कळलं. निवृत्तीनंतरची तारीख बघून आम्ही दोघं त्या रात्री जेवलो नाही.

त्या मजकुरातलं न लिहिलेलं एक मात्र खरं आहे: घरात भरलेला पैसा अडीअडचणीला लगेच परत मिळत नाही. म्हणून सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला हवा, मुदतीचा आयुर्विमा (टर्म इन्शुरन्स) हवा. आणि क्रेडिट कार्डाची थकबाकी असेल तर गृहकर्जाचं नावच काढू नका. महिना साडेतीन टक्के म्हणजे वर्षाला 42, तिथे आधी पैसे जाऊ देत.

दिरांकडे हे तिन्ही ठीक होतं. त्यांनी एक लाख भरले. बदलत्या दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर आगाऊ भरण्याचा दंड बँक लावू शकत नाही, तसा लागलाही नाही. खिडकीवर विचारलं, हप्ता कमी करायचा की मुदत? जाऊबाईंनी अर्जावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'हप्ता तोच, मुदत कमी', आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक हातात मिळाल्यावरच दोघं घरी निघाले.