प्रश्न तेवढे मला

फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर बसवणं सोपं असतं, असं सांगणारी माणसं बायनरी पॅकेजवाली, म्हणजे आयतं बांधलेलं घेणारी असतात. ‘पीकेजी इन्स्टॉल’ म्हणायचं, वाय दाबायचं, विषय संपला. त्यांना रात्री झोपही लागते म्हणे. माझा जीव अडकलाय पोर्ट्समध्ये. म्हणजे सोर्स, प्रोग्रामचा मूळ मजकूर, उतरवून घ्यायचा, आपल्याच मशीनवर कंपाइल करायचा, म्हणजे चालेल असा बांधायचा, आणि आपल्याला हवं तेवढंच त्यात ठेवायचं. जॉर्डन हबर्ड यांनी १९९४ मध्ये याच्या मेकफाइलींचा, म्हणजे बांधायच्या कृती लिहिलेल्या फाइलींचा, पाया घातला. १९९७ मध्ये नेटबीएसडी या भावंड सिस्टिमवाल्यांनी यातूनच निघून पीकेजीसोर्स नावाची वेगळी चूल मांडली. आज नुसत्या फ्रीबीएसडीच्या संग्रहात ३०,००० हून जास्त पोर्ट्स आहेत. त्यातला मला एक हवा होता.

ही व्यवस्था हुशार आहे, याबद्दल वाद नाही. कोणाला कोणती लायब्ररी लागते ते ती शोधते, फाइल उतरवते, ती शाबूत आली का हे चेकसम ताडून बघते, पॅच म्हणजे दुरुस्त्या लावते. मला सात जन्मांत जमलं नसतं ते सगळं बिनबोभाट करते, आणि त्यात माझं मत घेत नाही. मला विचारायला ती नेमके तेच प्रश्न राखून ठेवते, ज्यांची उत्तरं मला येत नाहीत.

चित्रं पाहायचं एक चिमुकलं ॲप हवं होतं. ‘मेक इन्स्टॉल क्लीन’ टाइप केलं आणि पडद्यावर निळी चौकट आली. आत पर्यायांची यादी, प्रत्येकापुढे कंसातली फुली. डॉक्युमेंटेशन हवं का? उदाहरणं हवीत का? इथवर ठीक. पुढे जेबिग. त्याच्यासमोर स्पष्टीकरण: ‘जेबिग इमेज फॉरमॅट सपोर्ट’. आता समजलं! हे फॅक्सच्या काळ्या-पांढऱ्या चित्रांसाठीचं कॉम्प्रेशन आहे, हे मला नंतर शोधून कळलं. माझ्याकडे फॅक्स नाही, कधी नव्हता. तरी फुली पुसायला हात धजेना. उद्या कोणी जेबिग पाठवलंच तर?

म्हणून मी करतो काय, तर टॅब दाबून ओके. सगळ्याच चौकटींत. म्हणजे तासन्‌तास पंखा घरघरवून मी जे तयार करतो ते बव्हंशी तेच असतं, जे पीकेजीने मिनिटभरात दिलं असतं. पण ते माझ्या निवडीचं असतं. (असं मी घरात सांगतो.)

शिवाय या चौकटी एकदम येत नाहीत. एका लायब्ररीचं काम झालं की पुढचीची चौकट. काम लावून झोपावं, तर सकाळी पडदा निळाच. आपण पाठ फिरवल्यावर जेमतेम पाच मिनिटांत दुसरी चौकट येऊन रात्रभर तिष्ठत बसलेली असते. त्यावर ‘कॉन्फिग रिकर्सिव्ह’ हा उपाय आहे: सगळे प्रश्न आधीच विचारून घेतो. फक्त एखाद्या पर्यायावर फुली मारली की नव्या लायब्ररी यादीत शिरतात आणि त्यांच्या चौकटी उरतात. चौकटी यायच्या थांबेपर्यंत ही आज्ञा पुन्हा पुन्हा द्या, असं मॅन्युअलच सांगतं. ‘बॅच’ लावलं तर कोणी काही विचारत नाही. पण मग पोर्ट्स कशाला, असं स्वतःलाच विचारावं लागतं, आणि तोही प्रश्न मला न येणारा.

त्या चिमुकल्या ॲपला एसव्हीजी, म्हणजे रेषा-आकारांनी लिहिलेली चित्रं दाखवायची होती. त्यासाठी लायब्ररी लागते लिबआरएसव्हीजी. ती रस्ट भाषेत लिहिलेली. मग रस्टचा कंपाइलर हवा, आणि रस्टच्या सोर्सच्या पोटात त्याचा स्वतःचा एलएलव्हीएम, म्हणजे कंपाइलरचा अवजड सांगाडा. थोडक्यात, एक लोगो बघायला मी आधी एक अख्खा कंपाइलर बांधला. लोगो दिसला. बरा होता.

पुढे डिस्क भरत आली, म्हणून ‘पीकेजी ऑटोरिमूव्ह’ म्हटलं. जी पॅकेजं मी मागितली नव्हती, दुसऱ्यासाठी आपोआप आली आणि आता कोणालाच लागत नाहीत, त्यांची लांबलचक यादी. त्यात ‘लिबएक्सएसएचएमफेन्स’. हे कोण? कोणाबरोबर आलं होतं? खाली प्रश्न, काढू का? वाय लहान लिपीत, एन कॅपिटल. म्हणजे विचारणाऱ्याचाही कल ‘नको’कडेच. डेबियन लिनक्सचा पॅकेज बसवणारा ॲप्ट याबाबतीत सरळ. फार महत्त्वाचं काही उपटायला निघालात, तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य उद्गारचिन्हासकट लिहून द्यावं लागायचं. निदान पुढे पुरावा तरी राहतो.

मी वाय दाबलं. पुष्कळ जागा मोकळी झाली, कारण यादीत रस्टही होता. तो फक्त बांधकामापुरता लागतो; बांधून झालं की कोणाच्या खात्यावर नसतो. काही दिवसांनी लिबआरएसव्हीजीची नवी आवृत्ती आली.

एकदा सवयीने ‘पीकेजी अपग्रेड’ही केलं. माझ्या निवडीच्या पॅकेजांपुढे त्याने लिहिलं ‘ऑप्शन्स चेंज्ड’, आणि त्यांच्या जागी सरकारमान्य प्रत बसवायला निघालं. मी ती लॉक केली. लॉक केलेली हलेनात, म्हणून त्यांच्यावर अवलंबून असलेलीही अडली.

जाणकार म्हणाले, असं हातानं कोण करतं, पोर्ट्स एकगठ्ठा बांधणारं पूड्रिएर लाव. लावलं. वेगळ्या स्वच्छ जेलमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या कप्प्यात, सगळं बांधून आपलं स्वतःचं पॅकेज भांडार तयार होतं. काम खरंच नेटकं आहे. तत्त्वाचं मात्र इतकं पक्कं, की एखादी पायाभूत लायब्ररी बदलली की तिच्यावर उभं असलेलं सगळं पुन्हा बांधायचं. गेटटेक्स्ट ही भाषांतराची पायाभूत लायब्ररी; ते नुकतंच दशांशानंतरच्या एका अंकाने पुढे सरकलं. त्याने अर्धी यादी रद्द केली आणि नव्याने सुरुवात केली. आत्ता रस्ट चालू आहे.

तोवर लोगो ब्राउझरमध्ये बघतो. ब्राउझर तेवढा पीकेजीने बसवलाय.