दोनशे टक्यांची गोष्ट

ढाक्यात बसून क्रिकेटवर ऑनलाइन पैसे लावायचं मनात आहे ना? मग आधी बांगलादेशचं संविधान उघडा. जुगार रोखण्यासाठी सरकार परिणामकारक उपाय करील, असं कलम 18 सांगतं. घाबरू नका. संविधान 1972 चं, आणि उपाय त्याहून शंभर वर्षं जुना: 1867 चा सार्वजनिक जुगार कायदा, खास साहेबाच्या हातचा. अड्डा चालवणाऱ्याला तीन महिने कैद, नाहीतर फार तर दोनशे रुपये दंड. पुढे साहेब गेला, दोनदा देश बदलला, रुपयाचा टका झाला, पण आकडा दोनशेच राहिला. आज दोघांनी काच्ची बिर्याणी खाल्ली तर बिल याहून जास्त होतं.

शिवाय त्या कायद्याच्या डोक्यातला अड्डा म्हणजे घर, खोली, भिंतीआडची जागा. तुमचा फोनमधला अड्डा लुंगीच्या गाठीत मावतो. भिंतींचा मोह धरूच नका. 2019 च्या सप्टेंबरमध्ये ढाक्यातल्या फुटबॉल क्लबांवर छापे पडले, तेव्हा आत फुटबॉल कमी आणि रूलेची टेबलं जास्त निघाली.

धर्माचं काय, म्हणता? कुराणाने जुगाराला दारूच्याच पंगतीला बसवलंय, तिथे पळवाट नाही. म्हणून नाव बदला. धंदा सट्ट्याचा असला तरी पाटी ‘न्यूज’ची लावा. ऑगस्ट 2022 मध्ये शाकिब अल हसनने अशाच एका ‘बेटविनर न्यूज’शी करार जाहीर केला. क्रिकेट मंडळाने डोळे वटारले, त्याने करार सोडला, आणि लगेच मंडळाने त्याला टी-20 चा कर्णधार केलं. बातम्यांची आवड कोणाचं वाईट करत नाही, हे यावरून घ्या.

आता एक किरकोळ अडचण. मे 2025 मध्ये हंगामी सरकारने सायबर सुरक्षा अध्यादेश काढला. ऑनलाइन जुगार खेळणं, खेळवणं, त्याची जाहिरात करणं, सगळंच गुन्हा. फार तर दोन वर्षं कैद किंवा एक कोटी टका दंड, किंवा दोन्ही. दोनशेवरून थेट कोटी! एवढा भाव तर तुमच्या बुकीनेही कधी दिला नसेल.

तरी पैसे भरायची सोय पाहून ठेवा. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीत बीपीएलची, म्हणजे बांगलादेश प्रीमियर लीगची, मॅच लागलेली असते. कंडेन्स्ड मिल्कचा डबा उपडा ठेवून त्यावर फोन टेकवलेला. तिथला एजंटभाई एका हाताने चहा ढवळतो आणि दुसऱ्या हाताने तुमचे पैसे ‘बिकाश’ नाहीतर ‘नगद’ या मोबाइल वॉलेटवरून पुढे सरकवतो. (उधारीवर खेळणाऱ्यांच्या वॉलेटचं नाव ‘नगद’!) साइट बंद पडली तर बंदी चुकवणारं व्हीपीएन ॲपही तोच फोनमध्ये टाकून देतो, चहाच्या पैशांत.

त्याला हळूच विचारा, “भाई, हे बेकायदा नाही ना?”

तो टीव्हीवरची नजर न हलवता म्हणेल, “शेवटची ओव्हर आहे. पिन टाका.”