भिंतीच्या आतलं कोण बघतंय?

आज डोकं फिरलंय, म्हणून मोठं लिहितोय. नवीन बिल्डिंग, ताबा मिळून वर्षही झालं नाही, आणि वहिनींचा फोन की गिझर चालू असला की नळाला हात लावल्यावर मुंग्या येतात. गेलो, सॉकेट उघडला. हिरवी, म्हणजे अर्थिंगची वायर (गळणारा करंट जमिनीत नेणारी) आतपर्यंत आलेली, पण अर्थच्या टर्मिनलला लावलेलीच नाही, कापून मागे बॉक्समध्ये कोंबलेली. वरून मॉड्युलर प्लेट एकदम चकाचक.

एक स्क्रू आवळायचा कंटाळा! तोही बाथरूममध्ये, जिथे माणूस ओल्या अंगाने उभा राहणार. आता कोणीतरी म्हणेल एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) होता की. अरे, एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टला पडतो, असल्या थोड्या लीकेजचं त्याला काय कळतंय, त्याला ३० मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे लीकेज पकडून सप्लाय तोडणारा स्विच लागतो (तो मेन बोर्डात नव्हताच), आणि अर्थिंग तुटलेलं असेल तर तोसुद्धा माणसाच्या अंगातून करंट जाईपर्यंत पडत नाही.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते कराडचे वस्ताद. स्क्रू आवळला की वायर हाताने ओढून बघायची, हे त्यांचं ठरलेलं. एका बंगल्याची दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, मांडव पडलेला, आम्ही काम संपवून घरी येऊन जेवायला बसलो आणि वस्ताद ताटावरून उठले. म्हणे मेन न्यूट्रल, म्हणजे करंट परत नेणारी मुख्य वायर, ओढून बघितल्याचं आठवत नाही. सायकल काढली, रात्रीचे परत गेलो.

थ्री फेजच्या घरात मेन न्यूट्रल सुटला तर २३० च्या जागी कुठल्यातरी फेजवर ४०० च्या जवळ व्होल्टेज चढतं, टीव्ही, फ्रीज, सगळं एका झटक्यात जातं. वस्ताद हे असं समजावत बसायचे नाहीत. उठायचे आणि जायचे.

हां, मान्य आहे, पॉइंटमागे मिळणाऱ्या रेटमध्ये पोरांचं भागत नाही, लेबर कॉन्ट्रॅक्टर मानेवर बसलेला असतो. आणि जुने सगळेच काही देव नव्हते, फ्यूजला जाडी तार घालणारे पण तेच. पण रेट कमी म्हणून अर्थ कापायचा? नाही पटत मला. आणि मालक लोकहो, तुम्ही पीओपीला लाखभर घालता आणि गिझरला चार स्क्वेअर एमएमच्या जागी दीडची बारीक वायर चालेल का विचारता, तेव्हा पण माझं डोकं फिरतं.

त्या रात्री तो स्क्रू घट्टच निघाला. बंगल्याचे मालक म्हणाले, "अहो वस्ताद, उघडून कोण बघायला येणार होतं?" वस्तादांनी नुसती मान हलवली, कव्हर लावलं, टेस्टर खिशात घातला. त्यांचा तो चेहरा आज त्या बाथरूममध्ये उभा असताना सारखा डोळ्यापुढे येत होता, आणि खरं सांगतो, रागापेक्षा वाईटच जास्त वाटलं.

वहिनींचं अर्थिंग जोडलं, आरसीसीबी बसवला, टेस्ट बटण दाबून पाडून दाखवला. पण ज्याने हा फ्लॅट केला त्यानेच अख्खी विंग केली असणार. उद्या सकाळी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटतोय, प्रत्येक घरातला गिझरचा सॉकेट उघडून बघायचाय. पैसे मिळोत न मिळोत. दोन पोरं सोबत लागतील, कोणी मोकळं असेल तर सांगा.