कृपया वीजपुरवठा बंद करू नये

सर्व्हर सांभाळणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो, नीट चालणाऱ्या सर्व्हरला हात लावू नये. दुसरा म्हणतो, फर्मवेअर (यंत्राच्या भागांमध्येच भरलेलं सॉफ्टवेअर) आणि ड्रायव्हर (त्या भागांशी बोलणारा ऑपरेटिंग सिस्टिममधला दुभाषा) कायम ताजे ठेवावेत. दोन्हीकडे केस पांढरे झालेली मंडळी आहेत, दोन्हीकडे ऐकून घाम फुटेल असे किस्से आहेत, आणि पंचाईत अशी की दोघांचंही खरं आहे. मी सोयीप्रमाणे दोन्हीकडे राहून आले आहे. हल्ली मात्र माझं तिसरंच मत झालंय. अपडेट सर्व्हर सुधारावा म्हणून करायचंच नसतं, ते करायचं उद्या तक्रार करायचा हक्क शाबूत राहावा म्हणून.

हे मत मला एका नेटवर्क पोर्टाने दिलं. एका सर्व्हरच्या नेटवर्क कार्डावरची एक लिंक, म्हणजे जोडणी, अधूनमधून पडायची आणि आपली आपण उठायची. काही सेकंदांचा मामला. तेवढ्यात शेजारचा पोर्ट काम ओढून न्यायचा, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. मॉनिटरिंग मात्र दर वेळी इमानेइतबारे मला मेसेज पाठवायचं, आणि हे इमान त्याला नेमकं पहाटे आठवायचं. शेवटी मी कंपनीच्या सपोर्टला तिकीट टाकलं, म्हणजे तक्रार नोंदवली. लॉग जोडले, स्क्रीनशॉट जोडले, केबल बदलून पाहिली, स्विचचा पोर्ट बदलून पाहिला, सगळं मुद्देसूद लिहिलं. उत्तर इतक्या तत्परतेने आलं की माझं लिखाण कुणी वाचलं असण्याची शक्यताच नव्हती.

"मॅडम, फर्मवेअर आणि ड्रायव्हर लेटेस्ट आहेत का?"

"नाहीत. पण याच आवृत्तीवर हाच सर्व्हर इतके दिवस नीट चालत होता."

"बरोबर आहे मॅडम. तरी आधी अपडेट करून घ्या, मग पुढे बघू."

आता यावर काय बोलणार? सपोर्टच्या माणसाचाही इलाज नसतो. त्याच्यासमोरच्या स्क्रीनवर पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याचं उत्तर 'हो' आल्याशिवाय दुसरा प्रश्न उघडत नाही, असा माझा पक्का संशय आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, अपडेट म्हणजे एक बटण. फोनवर नाही का, रात्री दाबून झोपलं की सकाळी झालेलं असतं! पण सर्व्हर म्हणजे एक यंत्र नव्हे, ते आघाडीचं सरकार आहे. सर्व्हरला उठवणाऱ्या बायोसचं फर्मवेअर वेगळं. सर्व्हर बंद असतानाही आतून जागी राहणाऱ्या आणि दूरवरून त्याचा ताबा देणाऱ्या बीएमसी या चिपचं वेगळं. अनेक डिस्का एकत्र सांभाळणाऱ्या रेड कंट्रोलरचं वेगळं, डिस्क ज्यात खोचतात त्या बॅकप्लेनचं वेगळं, प्रत्येक डिस्कचं स्वतःचं. नेटवर्क कार्डाचं असतंच. पॉवर सप्लायलाही स्वतःचं फर्मवेअर असतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला जरा भरूनच आलं. वीज आत घ्यायची आणि पुढे द्यायची, एवढ्याशा कामासाठीही त्याला मतं आहेत!

या सगळ्यांच्या डोक्यावर ऑपरेटिंग सिस्टिममधले ड्रायव्हर. त्यांची आणि खालच्या फर्मवेअरची जोडी जुळावी लागते. नुसतं 'दोन्ही लेटेस्ट' चालत नाही. एका सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रं चालवणाऱ्या व्हीएमवेअरच्या सुसंगततेच्या यादीत एखादं कार्ड शोधावं, तर अमुक ड्रायव्हरबरोबर तमुक फर्मवेअर असा तक्ता निघतो, आणि सर्व्हर बनवणाऱ्याच्या साइटवरचं सर्वांत ताजं फर्मवेअर बहुधा त्या तक्त्यात नसतं. म्हणजे एकाच्या मते जे लेटेस्ट, ते दुसऱ्याच्या मते अनधिकृत. शिवाय क्रम पाळायचा. काही यंत्रांत आधी बीएमसी, मग बायोस, मग बाकीचे. फार मागे राहिला असाल तर थेट शेवटच्या आवृत्तीवर उडी नाही, मधल्या एका थांब्यावर उतरून सर्व्हर रीस्टार्ट करायचा, मग पुढची गाडी.

एवढा व्याप बघून कुणीही पहिल्या पंथात जाईल. मीही गेले होते. तिथून मला बाहेर काढलं ते डिस्कांच्या एका बातमीने. नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्व्हर बनवणाऱ्या एचपीईने जाहीर केलं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी (सर्व्हरमधल्या वेगवान डिस्का) ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. डिस्कही परत येणार नाही आणि त्यातला डेटाही नाही. उपाय एकच, वेळेत फर्मवेअर बदलणे. हा आकडा ऐकून प्रोग्रामिंग केलेल्या कुणाच्याही भुवया वर जातील, कारण संगणकात आकडा ठेवायची १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची जागा ३२,७६७ ला भरते. पुढची गंमत रेडची. एक डिस्क गेली तर दुसरी सांभाळून घेते हा रेडचा सगळा भरवसा. पण सर्व्हर घेतला तेव्हा सगळ्या डिस्का एकाच दिवशी चालू झालेल्या! त्या जाणार त्याही हातात हात घालून. मार्च २०२०मध्ये आणखी काही डिस्कांसाठी तशीच सूचना आली, या खेपेला ४०,००० तासांची. निदान आकडा तरी लक्षात ठेवायला सोपा.

दुसरा किस्सा एचपीईच्याच आयएलओ ४ या बीएमसीचा. दूरवरून सर्व्हर चालू-बंद करता यावा, त्याची स्क्रीन दिसावी म्हणून असलेली ही सोय, म्हणजे एका अर्थी घराची मुख्य किल्ली. २०१७ साली तिच्यात एक भोक बुजवलं गेलं. तिला पाठवलेल्या वेब विनंतीच्या 'कनेक्शन' या हेडरमध्ये, म्हणजे माथ्यावरच्या रकान्यात, इंग्रजी 'ए' हे अक्षर २९ वेळा लिहून पाठवलं की पासवर्डशिवाय आत प्रवेश. गुप्त मंत्र नाही, गणित नाही, नुसतं 'एएएए' करत दारात उभं राहायचं. ज्यांनी 'चालतंय ना, मग हात लावू नका' म्हणून ते फर्मवेअर टाकलं नाही, त्यांचं दार पुढेही या हाकेला ओ देत राहिलं.

दुसऱ्या पंथानेही फार मिशीवर ताव देऊ नये. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या दोषांचा गवगवा झाला आणि जगभर मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरचं फर्मवेअर, टाकायची झुंबड उडाली. जे तत्पर होते त्यांनी लगेच टाकलं. २२ जानेवारीला इंटेलनेच सांगितलं की थांबा, काही प्रोसेसरांवर याने सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होत आहेत. आळशी लोक तेवढे सुखात राहिले, आणि पुढे कित्येक महिने त्यांनी आपल्या आळसाला 'दूरदृष्टी' म्हणून मिरवलं.

तर मी ठरवलं, करायचं अपडेट. पण माझ्या ठरवण्याला कोण विचारतो? चेंज रिक्वेस्ट, म्हणजे बदलाच्या परवानगीचा अर्ज, भरावी लागते. त्यातला जोखमीचा रकाना हा खरा कसबाचा भाग. 'कमी' लिहिलं तर मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं, मग एवढ्या रात्री कशाला? 'जास्त' लिहिलं तर कुणी सही करत नाही. म्हणून जगातल्या सगळ्या चेंज रिक्वेस्टची जोखीम 'मध्यम' असते. रोलबॅकच्या, म्हणजे बिघडलं तर मागे कसं फिरायचं त्या, रकान्यात मी लिहिलं, 'मागील आवृत्ती पुन्हा टाकणे'. वाचायला किती सोपं!

"याने युजरना काय फायदा होईल?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

"काही नाही, सर. झालंच तर काहीच होणार नाही."

"मग आपण करतोय कशाला?"

"सपोर्टने पुढे बोलावं म्हणून."

हे त्यांना लगेच पटलं. माझ्या तिसऱ्या मताला मिळालेला तो पहिला अनुयायी. डेटाबेसवाल्या मॅडमनी मात्र डोळे बारीक करून "रीस्टार्ट लागेल?" असं विचारलं. त्यांचा सर्व्हर न थांबता किती दिवस चालला आहे हे त्या फार अभिमानाने सांगतात. त्यांना मी एएमडीच्या 'रोम' पिढीतल्या एपिक प्रोसेसरची गोष्ट सांगितली. त्यात एक दोष असा निघाला की रीस्टार्ट न करता साधारण १,०४४ दिवस झाले की एखादा कोअर गाढ झोपेतून उठायचंच नाकारू शकतो. एएमडीने तो दुरुस्त न करता २०२३ मध्ये सांगून टाकलं, त्याआधी रीस्टार्ट करा किंवा ती गाढ झोप बंद ठेवा. मॅडम गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "आमचा इंटेल आहे."

शनिवारी रात्री सर्व्हर रूममध्ये स्वेटर घालून बसले. आधी बीएमसी. तिचं पान उघडायला गेले तर ब्राउझर म्हणतो, हे असुरक्षित आहे, मी उघडणार नाही. खरंच होतं. ब्राउझरचं बोलणं गुप्त ठेवणाऱ्या टीएलएसच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्यांना मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये रजा दिली, आणि आमच्या बीएमसीला त्यापलीकडचं काही येत नव्हतं. नवं टीएलएस शिकवायचं तर नवं फर्मवेअर हवं. नवं फर्मवेअर टाकायचं तर ते पान उघडायला हवं. अशा वेळेसाठी प्रत्येक टीममध्ये एक लॅपटॉप कपाटात जपून ठेवलेला असतो. त्यावर पुराणकाळातला ब्राउझर असतो, तशीच जावा असते, आणि झाकणावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी असते: 'कृपया अपडेट करू नये'. जगातले सगळे अपडेट या अपडेट न केलेल्या लॅपटॉपच्या जिवावर चालतात, हे सुरक्षा विभागाला कळू नये एवढीच इच्छा.

बीएमसी झाली. बायोस सुरू केला. स्क्रीनवर आलं: अपडेट चालू आहे, वीजपुरवठा बंद करू नये. खाली पट्टी. पट्टी निम्म्याच्या जरा पुढे गेली आणि थांबली. मग स्क्रीन काळी झाली आणि सगळे पंखे एकदम पूर्ण वेगात सुटले. पंखे हे चांगलं लक्षण की वाईट, हे अनुभवाने कळतं असं लोक म्हणतात. खोटं आहे. अनुभवाने फक्त हे कळतं की दोन्ही वेळा आवाज सारखाच येतो. सर्व्हरला भरपूर मेमरी असली की तो उठताना ती तपासत बसतो, आणि तेवढ्या वेळात माणसाला आपलं सबंध करिअर तपासता येतं. या काळात काहीही करायचं नसतं. बटणाकडे बघायचंही नसतं. मी हात पाठीमागे बांधून उभी राहिले.

अखेर लोगो आला. पाठोपाठ आला संदेश, की बूट करण्याजोगं काही सापडत नाही! डेटा गेला नव्हता. नव्या बायोसने मोठ्या मनाने सगळी सेटिंग्ज कारखान्यातल्यासारखी करून ठेवली होती. बूट करायची पद्धत नव्या यूईएफआयवरून जुन्या लेगसीवर गेली होती, व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. जुनी सेटिंग्ज मी आधीच मोबाइलवर फोटो काढून ठेवली होती, ती एकेक करून परत लावली.

आता उरलं मूळ दुखणं, नेटवर्क कार्ड. फर्मवेअर टाकलं, त्याच्या जोडीचा ड्रायव्हर टाकला, सर्व्हर गुणी बाळासारखा उठला. सगळ्या सेवा हिरव्या. फक्त नेटवर्क नाही. शोधता शोधता कळलं की नव्या ड्रायव्हरने पोर्टाचं नाव बदललं आहे. 'ईएनएस१एफ०' होतं, त्याचं झालं 'ईएनएस१एफ०एनपी०'. आमच्या कॉन्फिगरेशनमध्ये जुनं नाव, आणि लिनक्स काही अदबीने विचारत नाही की हे तेच का. विंडोजवाल्यांनी हसू नये. तिथे कार्ड नव्याने ओळखलं गेलं की जुनं भूत होऊन मागे राहतं आणि आयपी पत्ता धरून बसतं. तुम्ही तो नव्याला द्यायला जावं तर सांगतं, हा पत्ता दुसऱ्या अॅडॉप्टरला दिलेला आहे. तो अॅडॉप्टर कुठे आहे? दिसत नाही, पण आहे.

नावं बदलली, नेटवर्क आलं. मग नव्या फर्मवेअरच्या माहितीपत्रकाचं शेवटचं पान वाचलं. लिहिलं होतं की बदल लागू होण्यासाठी सर्व्हर नुसता बंद करून भागणार नाही, दोन्ही पॉवर केबल काढून थोडं थांबावं. कारण सर्व्हर बंद केला तरी स्टँडबाय विजेवर बीएमसी आणि नेटवर्क कार्ड जागंच असतं. कारण रास्त आहे, मान्य. पण रात्रभर ज्याने 'वीज बंद करू नका' म्हणून दम भरला, त्यानेच पहाटे 'आता काढा बघू' म्हणावं? काढल्या. थांबले. लावल्या. पंखे पुन्हा सुटले.

सोमवारी मी विजयी मुद्रेने तिकिटावर लिहिलं: सर्व लेटेस्ट आहे. आणि लिंक? ती पहाटेच पडून उठली होती.

या खेपेला सपोर्टकडून वरचा इंजिनिअर आला. दुसरा प्रश्न उघडला होता! त्याने लॉग खरोखर वाचले आणि थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "मॅडम, ही आवृत्ती तुम्हाला कुणी टाकायला सांगितली?"

"तुम्हीच."

"हो, पण यात एक ज्ञात दोष आहे. काही स्विचांबरोबर लिंक अधूनमधून पडते. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होईल. तोवर आधीच्या आवृत्तीवर जा."

मी माहितीपत्रक पुन्हा उघडलं. दुरुस्त केलेल्या दोषांमध्ये लिहिलं होतं, 'लिंक अधूनमधून पडण्याची समस्या सोडवली'. दोन पानं पुढे, ज्ञात दोषांमध्ये, 'लिंक अधूनमधून पडू शकते'. दोन्ही वाक्यं एकमेकांना न भेटता एकाच कागदावर सुखाने नांदत होती.

"पण आधीच्या आवृत्तीवरही ती पडतच होती," मी म्हटलं.

"त्यासाठी वेगळं तिकीट टाका, मॅडम."

नवी चेंज रिक्वेस्ट भरली. काम: मागील आवृत्ती पुन्हा टाकणे. जोखीम: मध्यम. रोलबॅकच्या रकान्यापाशी जरा अडले, मग लिहिलं, 'अपडेट करणे'. मीटिंगमध्ये एकाही प्रश्नाविना मंजूर झाली.