कोण मुका, कोण बहिरा?

दीड फुटावरच्या दोन सर्किटांनी एकमेकांशी बिनतारी बोलावं, एवढीच माझी माफक इच्छा होती. तार जोडली असती तर काम दोन मिनिटांत झालं असतं, पण त्यात गंमत कसली?

म्हणून एनआरएफ२४एल०१ प्लस या रेडिओ चिपचे दोन मॉड्यूल आणले. अंगठ्याएवढा बोर्ड, त्यावर तांब्याची नागमोडी रेघ हाच अँटेना. पूर्ण ताकदीनं प्रसारण करतानाही चिप ११.३ मिलिअँपिअरच घेते, झोपली की एक मायक्रोअँपिअरसुद्धा नाही. इतका मिताहारी जीव कुरकुर करणार नाही, असं मला वाटलं.

पिना आठ, चार-चारच्या दोन ओळींत. आकृती वरून काढलेली आणि आपण वायरी खोचणार खालून, म्हणजे डावं ते उजवं. त्यात डेटा आत-बाहेर नेणाऱ्या दोन पिनांची नावं मिसो आणि मोसी. "मोसी कुठे गेली?" असं मी टेबलाखाली वाकून पुटपुटत होतो, तेव्हा बायकोनं विचारलं, "कोणाची मावशी?"

पथ्यही विचित्र. डेटाच्या पिनांना ५ व्होल्ट चालतात, वीजपुरवठा मात्र ३.६ च्या वर गेलेला खपत नाही. गप्पा कोणाशीही, जेवण घरचंच!

प्रोग्रॅम चढवला. स्क्रीनवर दर सेकंदाला एक ओळ: 'पाठवता आलं नाही.'

खरी पंचाईत इथून पुढे. पाठवणारा मुका की ऐकणारा बहिरा, हे ठरवायचं कसं? पोच आली नाही की पाठवणारा रडतो, आणि पोच द्यायची असते ऐकणाऱ्यानं. मॉड्यूलांची अदलाबदल केली. आता दुसरा रडू लागला. वायफायही २.४ गिगाहर्ट्झवरच, म्हणून राऊटर बंद केला. मॉड्यूलवर परिणाम शून्य, घरच्यांवर तत्काळ.

शेवटी चिपलाच तिची रजिस्टरं (सेटिंग्ज साठवायचे कप्पे) विचारली. सगळीकडे शून्य. म्हणजे हवेतला संवाद राहू द्या, चिप शेजारच्या आर्डुइनोशीच, म्हणजे तिला चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाशीच, बोलत नव्हती. मिसो-मोसीची अदलाबदल झाली होती. ती निस्तरली, रजिस्टरांत आकडे आले. दोन्हीकडचा पाच बाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर ताडून पाहिला. तरी दहात दोनच निरोप पोचत होते, तेही उपकार केल्यासारखे.

मग पुरवठ्याच्या दोन पिनांवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला. प्रसारण सुरू होताना चिप एकदम करंट ओढते आणि लांब वायरींतून येणारं व्होल्टेज तेवढ्यापुरतं बसतं. कपॅसिटर तो घास आधीच हातात धरून ठेवतो. (उलटा लावू नका. मी लावला होता.)

'हॅलो' आलं! मग ओळीनं येतच राहिलं.

अंतर तपासायला ट्रान्समीटर बॅटरीवर घेऊन मी आतल्या खोलीत गेलो आणि ओरडलो, "आलं का हॅलो?"

"आलं," बाहेरून बायको म्हणाली, "पण तुझं ओरडणं आधी आलं."