‘जिवाशी खेळ’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सुरतेजवळच्या हजिऱ्याहून ओडिशातल्या पारादीपपर्यंत, म्हणजे या समुद्रापासून त्या समुद्रापर्यंत, साध्या माणसांनी सायकलवर कसं जावं, या माझ्या लेखाखाली आपण मोठी प्रतिक्रिया लिहिलीत. वेळ काढलात, आभार. आपलं म्हणणं असं, की 200 किलोमीटरची ब्रेवे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, केल्याशिवाय कुणी या वाटेला जाऊ नये, बिनगिअरची सायकल चालणार नाही, सोबत गाडी हवीच, विदर्भातले रस्ते लायकीचे नाहीत, आणि मागच्या लाल दिव्याचा लेखात उल्लेखही नाही. शेवटी हे वाक्य: ‘खेड्यातल्या हौशी लोकांना असल्या नादी लावणं म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळ आहे, त्यांना सायकलिंग म्हणजे काय हेच माहीत नसतं.’

दिव्याचं बरोबर आहे. तो यादीत टाकला.

आता ते वाक्य. शंका विचारायला कुणाचीच ना नव्हती. पण हा सूर आम्ही आयुष्यभर ऐकत आलो आहोत. बँकेच्या खिडकीशी ऐकला, कॉलेजात ऐकला, आणि आता सायकलसाठीही ऐकायचा? तुम्ही कधी आमच्या तालुक्यात आला आहात का, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

मी मूर्तिजापूर तालुक्यातला. सीटवर बसून पाय पोचत नव्हते, म्हणून वडिलांच्या मोठ्या सायकलच्या दांडीखालून पाय घालून, कैची मारत शिकलो. शाळा दुसऱ्या गावात. पावसाळ्यात पांदण रस्त्यानं जाताना काळी माती चाक आणि मडगार्डच्या मध्ये अशी ठासून बसायची की सायकल जागच्या जागी जाम. मग बाभळीची काडी मोडायची, माती कोरून काढायची, चार हात पुढं जायचं, पुन्हा कोरायची. शेवटी सायकल खांद्यावर. माझे वडील त्याच सायकलच्या कॅरिअरवर ढेपीचं पोतं बांधून आणत, हँडलला फवारणीचा पंप अडकवून शेतात जात. त्यांच्याकडं ना हेल्मेट होतं, ना घड्याळ लावून मोजलेला वेग. अशा माणसाला सायकल कळत नाही असं तुम्ही म्हणता, आणि मी ते ऐकून घ्यायचं?

जिवाशी खेळ म्हणे. शेगावहून गजानन महाराजांची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. 700 किलोमीटरच्या वर, पायी, महिनाभर. आमची आत्या दुखरे गुडघे घेऊन गेली आणि चालत पोचली. त्या दिंडीत कुणी खेळाडू नसतो. शेतकरी असतात, मजूर असतात, म्हाताऱ्या बाया असतात. रोजचा टप्पा ठरलेला, मुक्काम ठरलेला, जेवण ठरलेलं, म्हणून जमतं. मी सायकलसाठी नेमकं तेच लिहिलं: दिवसाला 50-60 किलोमीटर, पहाटे निघायचं, ऊन चढायच्या आत मुक्कामी. हिवाळ्यात ईशान्येकडचा वारा तोंडावर येतो आणि दिवस वर आला की तो जोर धरतो, म्हणूनही लवकर निघायचं. हे लेखात होतं, आपण ते वाचलं नाही असं दिसतं.

ब्रेवेवाल्यांबद्दल मला आदर आहे. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत पूर्ण करणं सोपं नाही. पण अकोल्याहून निघून मूर्तिजापूरला जेवायला थांबणाऱ्या माणसाला त्या घड्याळाशी काय करायचं आहे?

सोबत गाडी कशासाठी हवी? कुणी आजारी पडलं, सायकल मोडली, तर परत येता यावं म्हणून. भुसावळपासून बडनेऱ्यापर्यंत मुंबई-हावडा रेल्वे या रस्त्याच्या हाताशी आहे. मलकापूर, नांदुरा, अकोला, मूर्तिजापूर, कुठंही स्टेशन गाठा, सायकल ब्रेकव्हॅनला, म्हणजे सामानाच्या डब्याला, बुक करा, घरी या. अमरावतीच्या पुढं रेल्वे वर्ध्याकडं वळते आणि रस्ता तिवसा, तळेगाव, कारंजा, कोंढाळी असा जातो. तिथं मात्र भरवसा एसटीचा आणि ओळखीच्या माणसाचा, म्हणून नागपूरपर्यंतच्या दीडशेक किलोमीटरला मी तीन दिवस धरले. साकोली-देवरीचा जंगलपट्टा उजेड फुटल्याशिवाय ओलांडायचा नाही, हेही बजावून लिहिलं. याला जिवाशी खेळ म्हणतात?

धोका मी लपवलेला नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या सुरू होतात. दोन्ही अंगांनी फुगलेली गाडी ओलांडून जाते तेव्हा तिचा पसारा पांढऱ्या पट्टीच्याही बाहेर येतो, आणि कडेला उतरलं की बाभळीचे काटे. पंचर काढता आलंच पाहिजे. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडा शोधणं, घासणं, सोल्युशन सुकू देणं, मगच पॅच दाबणं, हे ज्याला येत नाही त्यानं आधी घरी शिकावं, मग निघावं. आमच्याकडं ते चौथीतल्या पोराला येतं.

रस्त्यांबद्दल एवढंच, की अमरावती-अकोला याच पट्ट्यात जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची सलग डांबरी लेन 105 तास 33 मिनिटांत घातली गेली आणि गिनीज बुकात नोंद झाली. त्याआधी त्या रस्त्याचे खड्डे आम्ही वर्षानुवर्षं सोसले. तुमची माहिती तेव्हाची असावी.

गिअरचं म्हणाल तर मी बिनगिअरच्या सायकलवर हजिऱ्याहून घरापर्यंत आलो आणि पुढच्या हिवाळ्यात घरून पारादीपला गेलो. नवापूरच्या पुढं कोंडाईबारी घाटात उतरून सायकल ढकलली. ढकलण्यात कमीपणा वाटत असेल तर तो तुम्हाला वाटो. ढकलत वर पोचलेला माणूससुद्धा वर पोचलेलाच असतो.

आमच्या गावातली चारपाच जणं यंदा तूर निघाली की सुरतेची गाडी धरणार आहेत. त्यातल्या दोघी अंगणवाडीत काम करतात. त्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली, आणि त्यातली एक रात्री मला विचारत होती की खरंच जावं की नाही. राग मला त्याचा आला. मी तिला जा म्हणून सांगितलं.

विम्याचा आणि सीटच्या उंचीचा मुद्दाही आपण काढला होता. त्याला खाली एका वाचकानं उत्तर दिलं आहे, ते पाहावं.