माझे वक्री उपग्रह

पहाटे साडेपाचला परळला आमच्या इमारतीखाली एक हात आभाळाकडे करून उभा असलेला जो इसम दिसतो, तो मी. मी टॅक्सी थांबवत नाहीये. उपग्रहांची वाट बघतोय. दूधवाला पहिले दोन दिवस "काय झालं साहेब?" विचारायचा. आता तो नुसती मान हलवून जातो, दवाखान्याच्या बाकावरच्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

पन्नाशी झाली म्हणून घरच्यांनी वर्गणी काढून मला धावायचं घड्याळ दिलं, जीपीएसच्या उपग्रहांवरून जागा आणि अंतर सांगणारं. डबा उघडल्या उघडल्या त्याने जन्मतारीख, उंची, वजन, डावा हात की उजवा, झोपता किती वाजता, असं सगळं विचारून घेतलं. लग्न जमवताना सासऱ्यांनीसुद्धा एवढी चौकशी केली नव्हती. वजन मी चार किलो कमी सांगितलं. पहिल्याच भेटीत किती मोकळं व्हायचं?

दोन आठवडे मी सुखाने धावलो. परळहून निघायचं, वरळी सी फेसपर्यंत जायचं आणि परत. रोज १०.३ किलोमीटर भरायचे आणि रोज ऑफिसच्या ग्रुपवर पडायचे. मग भाचा राहायला आला. तो इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे त्याला सगळं येतं. त्याने माझा नकाशा उघडला आणि अर्धा मिनिट गप्प राहिला.

"मामा, तू समुद्रातून धावलायस."

बघतो तर खरंच. वरळीला माझी निळी रेघ कठडा ओलांडून पाण्यात शिरली होती. त्याआधी, जुन्या गिरण्यांच्या जागेवर जे काचेचे टॉवर झालेत, त्यांतल्या दोघांच्या आरपार मी गेलो होतो. ज्या इमारतीच्या गेटवर वॉचमन मला रजिस्टरमध्ये सही केल्याशिवाय सावलीलाही उभं करत नाही, तिच्या दिवाणखान्यांतून मी पंधरा दिवस रोज धावत होतो.

"सिग्नल काचेवर आपटून उशिरा येतो," भाचा म्हणाला. "घड्याळाला वाटतं तू लांब आहेस. आणि तू लॉक मिळायच्या, म्हणजे घड्याळाला उपग्रह सापडायच्या, आधीच पळत सुटतोस. निदान चार उपग्रह दिसायला हवेत."

"चार कशाला?"

"तीन हवेत, जागा कळायला. चौथा, तुझ्या घड्याळाला वेळ नीट कळत नाही म्हणून."

"घड्याळाला?"

"त्यांच्यात अणुघड्याळं असतात मामा. तुझं साधं आहे."

साध्या घड्याळाची किंमत आठवून मी पाणी प्यालो.

तर हे जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात, आणि त्यांतला प्रत्येक जण बाकीचे सगळे साधारण कुठे असतील याचं एक कोष्टक खाली पाठवत असतो. म्हणजे पंचांगच. ते अख्खं उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. आई गॅलरीतून ऐकत होती. म्हणाली, "साडेबारा मिनिटं कशाला उभा राहतोस? आपलं भिंतीवर आहे की." फोनला जोडलं की ते पंचांग घड्याळाला आयतं मिळतं, हे भाच्याला चार दिवसांनी आठवलं. तोवर दूधवाल्याचं माझ्याबद्दलचं मत पक्कं झालं होतं.

मग नाडी. २२० वजा वय या हिशेबाने माझी कमाल १७०. सोमवारी दादरच्या पुलापर्यंतही पोहोचलो नव्हतो आणि घड्याळ म्हणालं, १६८. मी फुटपाथवर बसून घेतलं. डोळ्यांसमोर विम्याचे कागद कुठल्या कपाटात आहेत ते आलं. घरी फोन लावला. बायको म्हणाली, "अहो, बोलताना तर अजिबात धाप लागलेली नाही तुम्हाला." पट्टा सैल होता. घड्याळ नाडी सोडून माझी पावलं मोजत होतं. मनगटाच्या हाडाच्या जरा वर, घट्ट बांधायचं, असं नंतर कळलं.

त्याहून जिव्हारी लागला तो ऑटो पॉज. सिग्नलला थांबलो की घड्याळही थांबावं, अशी ही सोय. बुधवारी मी मोकळ्या रस्त्यावर, माझ्या मते जोरात, धावत होतो, आणि घड्याळाने टूंऽ करून जाहीर केलं की तुम्ही थांबला आहात. मी वेग वाढवला. ते म्हणालं, पुन्हा सुरू. दमून मूळ वेगावर आलो. थांबला आहात. असं वरळीपर्यंत.

शनिवारी भाच्याने चार मेनूंच्या आत दडलेली दुहेरी फ्रिक्वेन्सी, म्हणजे उपग्रहांचं दोन लहरींवर ऐकायची सोय, चालू केली, दर सेकंदाला नोंद लावली, ऑटो पॉज बंद केला आणि माझं खरं वजनही भरलं. "आता बघ, एकदम अचूक."

रविवारी रेघ सुतासारखी सरळ आली. रस्त्यावरून, कठड्याच्या अलीकडून, टॉवरला वळसा घालून. अंतर ९.४ किलोमीटर.

"काहीतरी बिघडलंय," मी म्हणालो.

"आत्ता दुरुस्त झालंय, मामा. आधी रेघ नागमोडी जायची, ते सगळं वाढीव होतं."

म्हणजे पंधरा दिवस ग्रुपवर मी रोज नऊशे मीटर खोटं बोललो. जानेवारीच्या २१.१ किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला घड्याळात भरलेले माझे २१.६ पण मग? तिथे म्हणे चूक एकट्या घड्याळाची नसते. मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी लावून सगळ्यात आखूड वाटेने मोजतात, वर हजारी एक मीटर जास्तीचा धरतात, आणि माझ्यासारखे लोक प्रत्येक वळणावर बाहेरून जातात.

निघताना भाच्याने आणखी एक माहिती दिली. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत अमेरिका सामान्य लोकांच्या सिग्नलमध्ये मुद्दाम चूक घालत असे. शंभर मीटरपर्यंत फरक पडायचा. मग त्यांनी ती काढून टाकली. का काढली कोण जाणे, लोक काही तक्रार करत नसणार.

त्याला दादरला गाडीत बसवून आलो. गॅलरीत उभा राहिलो आणि चारही मेनू पार करून दुहेरी फ्रिक्वेन्सी बंद केली.

सोमवारी परत १०.३ भरले. समुद्रातून.